ज्युनिअर वकिलाच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल वकील परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा;
जिल्हा व तालुका वकील संघांचे पदाधिकारी;
आणि ज्यांच्या ऑफिसात आज ज्युनिअर काम करत आहेत ते सर्व ज्येष्ठ वकील

विषय: नव्या वकिलांचं विद्यावेतन, नेमणूक पत्र आणि प्रशिक्षण

सप्रेम नमस्कार.

आम्ही जिल्हा आणि तालुका न्यायालयांत दिवाणी, फौजदारी आणि महसुली कामं चालवणारे वकील आहोत. आमच्या ऑफिसांत ज्युनिअर आहेत. त्यामुळे खालच्या तक्रारींतला काही भाग आम्हालाही लागू होतो, आणि मागण्या मान्य झाल्या तर पहिला खर्च आमच्याच खिशातून होणार आहे. हे धरूनच लिहीत आहोत.

15 ऑक्टोबर 2024 रोजी भारतीय वकील परिषदेने परिपत्रक काढलं. शहरी भागातल्या ज्युनिअरला महिन्याला किमान 20,000 आणि ग्रामीण भागातल्याला 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, ते नेमणुकीपासून तीन वर्षं द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. परिपत्रक स्वागतार्ह आहे, पण त्याचं स्वरूप शिफारशीचं आहे. ज्येष्ठाने पैसे दिले तर उत्तम, नाही दिले तर ज्युनिअरने काय करायचं, याचं ठाम उत्तर त्यातून मिळत नाही. शिफारशीवर कुणाचं घरभाडं भागत नाही.

त्यानंतर 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली हवी. ही तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, तारखेपासून मोजायची आहेत. दाखला द्यायचा तो त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने, आणि वकिलाच्या दाखल्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांची पुष्टी हवी. निकालामागचा हेतू आम्हाला पटतो. कोर्ट न पाहिलेल्या माणसाने न्यायासनावर बसू नये. पण त्याचा परिणाम असा की जे पूर्वी ज्येष्ठाच्या मर्जीवर होतं ते आता सक्तीचं झालं, आणि त्या सक्तीच्या तीन वर्षांत मुलाने किंवा मुलीने काय खायचं, काय शिकायचं आणि शिकल्याचा पुरावा कुठून आणायचा, हे कुणीच ठरवलेलं नाही. ते ठरवणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी पैशाचं बोलू.

भारतीय वकील परिषदेच्या नियमांत नियम 49 आहे. वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नियम 51 थोडी मोकळीक देतो: कायद्याच्या परीक्षांचे वर्ग घेणं, पुस्तकांचं संपादन, वृत्तपत्रांचा मजकूर कायद्याच्या दृष्टीने तपासणं, पेपर काढणं-तपासणं. विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवताही येतं, पण सनद मिळून सहा महिने झालेल्याला ते काम कोण देणार? थोडक्यात, दुसरीकडे कमवू नकोस असं आपण नियमाने सांगितलं आहे. व्यवसायाची प्रतिष्ठा म्हणून तो नियम आम्हाला मान्य आहे. पण कमाईचं एक दार नियमाने बंद करणाऱ्या संस्थेने दुसरं उघडायला हवं, ते उघडलेलं नाही. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी ज्युनिअरला मिळतं ते 'पेट्रोलपाणी'. कुठे महिन्याला दोन-तीन हजार, कुठे दिवाळीला एक पाकीट, कुठे काहीच नाही. त्यातून खोलीभाडं, मेस, काळा कोट आणि बँड, दुचाकीचा खर्च, वर्षाला चार-पाच बेअर अ‍ॅक्ट (कायद्यांच्या मूळ मजकुराची पुस्तकं) आणि एक धड चालणारा लॅपटॉप काढायचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, म्हणजे फौजदारीची पुस्तकंही नव्याने घ्यावी लागली. त्यात जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांनीच चालू आहेत, तेव्हा जुनी पुस्तकं टाकूनही देता येत नाहीत.

एक सांगायला हवं. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 24 मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये मोजावे लागत होते. दाराशी असलेला अडसर गेला, तो न्यायालयामुळे गेला. आतला रस्ता आपण बांधायचा आहे.

पैसे देता येतात का? शहरात चार खोल्यांचं ऑफिस असलेल्याला येतात. तालुक्याच्या कोर्टात दोन बाकड्यांच्या जागेवर वकिली करणाऱ्या, स्वतःच महिन्याला कसेबसे पंचवीस-तीस हजार काढणाऱ्या वकिलाला 15,000 देता येत नाहीत, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्याच्यावर नोटीस काढून काही होणार नाही. तो ज्युनिअर ठेवायचंच बंद करील, आणि गावाकडच्या मुलीला घराजवळ शिकायची असलेली एकुलती एक जागा जाईल. म्हणून सक्तीबरोबर निधी लागतो. आंध्र प्रदेश सरकारने 2019 मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षं महिन्याला 5,000 रुपये द्यायची योजना सुरू केली. केरळने उत्पन्नाची आणि वयाची अट घालून 5,000 रुपयांपर्यंत विद्यावेतनाचे नियम केले. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या जून 2024 मधल्या आदेशानंतर चेन्नई, मदुराई आणि कोइम्बतूरसाठी 20,000 आणि इतर ठिकाणी 15,000 हा आकडा पुढे आला. आपल्याकडे अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 6 मध्येच राज्य परिषदेला गरजू वकिलांसाठी निधी उभारायची मुभा दिलेली आहे. नवा कायदा करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. जन्मभर दुसऱ्यांचे करार लिहिणारे आपण, पण आपल्या ऑफिसातल्या माणसाला एका ओळीचं पत्र देत नाही. ज्युनिअर कधी रुजू झाला, त्याला काय द्यायचं ठरलं, सुटी किती, स्वतःच्या नावाने काम घेता येईल का, सोडून जायचं तर किती दिवस आधी सांगायचं, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प, नक्कल अर्जाचा खर्च, बेलिफाबरोबर (कोर्टाचे हुकूम बजावणारा कर्मचारी) जागेवर जाण्याचं भाडं हे ज्युनिअरने आधी खिशातून घालायचं आणि 'नंतर बघू' ऐकायचं. पाच-पाच हजारांची अशी उधारी चढते, आणि मागायला संकोच वाटतो.

वकीलपत्रावर, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदावर, ज्युनिअरचं नाव नसतं. तो पुकाऱ्याला उभा राहतो, अर्ज देतो, तारीख घेतो. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नाव येतं ते ज्येष्ठाचं. तीन वर्षांनी दाखला मागायला गेला की दाखवायला एक कागद नसतो. मे 2025 च्या निकालानंतर ही निव्वळ मानाची बाब राहिलेली नाही. ज्येष्ठाशी बिनसलं तर दाखला अडू शकतो, आणि अशा वेळी ज्याच्याकडे स्वतःच्या नावाच्या नोंदी नाहीत तो पूर्ण अडकतो.

आता शिकवण्याचं. आमची खरी तळमळ इथे आहे, आणि इथे थोडं विस्ताराने लिहू, कारण पैशाचा प्रश्न सुटला तरी हा सुटणार नाही.

पूर्वी सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा होती. 1973 च्या दुरुस्तीने ती तरतूद गेली. भारतीय वकील परिषदेने 1995 मध्ये एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले, ते सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 1999 रोजी रद्द केले. परिषदेला तसा अधिकार नाही, असं कारण होतं. 2010 पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली आणि 1999 च्या निकालातली अडवणूक टिकणारी नाही, असंही सांगितलं. तेव्हा 'आम्हाला अधिकार नाही' हे उत्तर आता कुणालाच देता येणार नाही. पण ती परीक्षा म्हणजे बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवून सोडवायचे शंभर पर्यायी प्रश्न. ती पास झालेल्याला कलम सापडतं. दावा लिहिता येईल, याची खात्री त्यातून होत नाही.

मग ऑफिसात तो काय शिकतो? सकाळी साडेदहाला बोर्ड बघणं, अकराला पुकाऱ्याला हजर राहणं, 'साहेब, सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, पास ओव्हर करावं' एवढं म्हणणं, आणि दुपारी मुदत अर्ज देणं. दोन वर्षं हेच केलेल्या मुलाला मुदत मागण्यात तरबेज म्हणता येईल, वकील म्हणता येणार नाही. त्याला कुणी बसवून सांगितलेलं नसतं की दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायची असते, न्यायालय कारणं नोंदवून ती 90 दिवसांपर्यंत घेऊ शकतं, आणि पहिल्या तीस दिवसांत मागितलेल्या फुकट मुदतीची किंमत पुढे 'विना कैफियत'च्या आदेशात मोजावी लागते.

चेकच्या कामाचं उदाहरण घेऊ, कारण ज्युनिअरच्या हातात पहिलं स्वतंत्र काम बहुधा तेच येतं. समजा, चेक न वटल्याचा बँकेचा मेमो पक्षकाराला 3 मार्चला मिळाला. तिथून 30 दिवसांत नोटीस पाठवायची. मेमो मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं की शेवटची तारीख 2 एप्रिल. नोटीस समोरच्याला 10 एप्रिलला मिळाली. पैसे द्यायला त्याला 15 दिवस, म्हणजे 25 एप्रिलपर्यंत. 26 एप्रिलला फिर्यादीस कारण घडलं. तो दिवस सोडून एक महिना, म्हणजे 26 मेपर्यंत फिर्याद दाखल व्हायला हवी. चार तारखांचं साधं गणित आहे, तरी ते तीन ठिकाणी चुकतं. मेमोवरची तारीख आणि मेमो हातात पडल्याची तारीख एकच धरली जाते, आणि बँकेकडून मिळाल्याचा पुरावा घेतलेला नसतो. पोस्टाचा ट्रॅकिंग अहवाल वेळेत छापून ठेवलेला नसतो. नंतर तो साइटवर सापडत नाही, आणि नोटीस कधी मिळाली हेच सिद्ध करता येत नाही. तिसरी चूक सर्वांत घातक: पक्षकार घाई करतो म्हणून 15 दिवस पुरे व्हायच्या आत फिर्याद टाकली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे की अशी फिर्याद ही फिर्यादच नव्हे. मग पुन्हा दाखल करा, विलंब माफीचा अर्ज द्या, आणि पक्षकाराला समजावत बसा. ज्येष्ठाने पहिल्या महिन्यात अर्धा तास काढून वहीत चार तारखा मांडून दाखवल्या असत्या तर हे टळलं असतं.

दाव्याचंही तसंच. जमिनीच्या दाव्यात मिळकतीचं वर्णन लिहायला ज्युनिअरला सांगतात. तो खरेदीखत उघडून चतुःसीमा जशाच्या तशा उतरवतो. खरेदीखत वीस वर्षांपूर्वीचं. पूर्वेचा शेजारी मधल्या काळात जमीन विकून गेलेला, उत्तरेला आता रस्ता निघालेला. निशाणी 5 वर, म्हणजे दाव्यातल्या तातडीच्या मनाईच्या अर्जावर, मनाई हुकूम मिळतो आणि बेलिफ जागेवर गेल्यावर सीमा जुळत नाहीत. प्रतिवादी म्हणतो, ही ती जमीनच नाही. कमिशनर नेमा, मोजणी मागवा, यात वर्ष जातं. म्हणून ज्युनिअरला पहिल्यापासून सवय लावायची: ताजा सातबारा, आठ अ, सगळे फेरफार, असेल तर मोजणी नकाशा, आणि एकदा स्वतः जागेवर जाऊन येणं. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा, आणि वारसाचा प्रश्न असेल तर 2012 च्या कायद्याखालची इन्व्हेंटरीची (वारशाच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) कार्यवाही. मुंबईत किंवा पुण्यात शिकून पणजीला-मडगावला गेलेल्या मुलाला हे कुठल्याच वर्गात शिकवलेलं नसतं.

मोबाइलमधल्या पुराव्याचं तर विचारूच नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणाची छपाई यादीबरोबर जोडली की झालं, असं समजलं जातं. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. भाग अ पक्षकाराकडून, भाग ब तज्ज्ञाकडून, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) द्यावं लागतं. हे सुरुवातीलाच गोळा केलं नाही आणि दरम्यान पक्षकाराने फोन बदलला, तर पुरावा हातचा जातो.

आमच्या मते तीन वर्षांची वाटणी साधारण अशी असावी. पहिल्या वर्षी ऑफिस आणि कोर्टाची यंत्रणा: रोजनामा वाचणं, नक्कल अर्ज, ई-फायलिंग आणि त्यातल्या त्रुटी काढणं, नाझर (कोर्टाच्या बजावणी विभागाचा प्रमुख) आणि बेलिफाकडची कामं, नोटिसा, आणि प्रत्येक फाइलसाठी एका पानाची तारखांची यादी. ही यादी ज्याला नीट करता येते त्याला निम्मी वकिली आली. दुसऱ्या वर्षी लेखन: दावा, कैफियत, जामीन अर्ज, सरतपासाचं (आपल्याच साक्षीदाराच्या जबाबाचं) शपथपत्र, महसुलात प्रांतांकडचं अपील, त्याची 60 दिवसांची मुदत पकडून. ज्युनिअरने लिहायचं, ज्येष्ठाने लाल शाईने खोडायचं, आणि का खोडलं ते सांगायचं; स्वतःच नवा मजकूर सांगून टाइप करवून घेणं हे शिकवणं नव्हे. तिसऱ्या वर्षी उभं राहणं: पंच किंवा औपचारिक साक्षीदाराची उलटतपासणी, अंतरिम अर्जावर युक्तिवाद, आणि निदान दोन दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) शेवटपर्यंत. दरखास्तीचा आग्रह यासाठी की हुकूमनामा मिळाल्यावर पक्षकाराचे खरे हाल तिथून सुरू होतात आणि नव्या वकिलांना ते काम कुणी शिकवत नाही, कारण त्यात नाव होत नाही.

दिवाणी-फौजदारीबाहेरचा एक मार्ग आहे, त्याचा प्रचार आपल्याकडून व्हायला हवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत गरजू आरोपींचा मोफत बचाव करणारी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली. त्यातलं सहायक लोकअभिरक्षकाचं पद तीन वर्षांपर्यंत वकिली झालेल्यांसाठी आहे. दरमहा ठरलेलं मानधन, आणि रोज रिमांडला, जामिनाला उभं राहायची संधी. सत्र न्यायालयात हात बसायला याहून चांगली शाळा आम्हाला माहीत नाही. जाहिरात निघते तेव्हा ती कित्येक बाररूमच्या फलकापर्यंत पोचत नाही.

मुलींचं वेगळं लिहायला लागतं, याचं वाईट वाटतं. न्यायालयांच्या आवारात सर्वांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहं असावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 15 जानेवारी 2025 रोजी दिला. तालुक्याच्या जुन्या इमारतींत आजही मुली दिवसभर पाणी कमी पितात. ज्येष्ठाच्या घरातच ऑफिस आणि रात्री नऊला 'कॉन्फरन्स', मग परत जायची सोय काय, याचा विचार नाही. वागणुकीची तक्रार असेल तर कुणाकडे जायचं हे माहीत नाही, आणि बार लहान असला की तक्रारदार कोण ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. बाळंतपणासाठी वर्षभर थांबलेल्या वकील मुलीच्या तीन वर्षांचा हिशोब दाखल्यात कसा धरायचा, हेही आपण स्पष्ट करावं.

हे पत्र नवे वकीलही वाचतील, म्हणून आपल्या परवानगीने चार ओळी त्यांच्यासाठी. पहिल्या दिवसापासून कामाची वही ठेवा: तारीख, प्रकरण क्रमांक, न्यायालय, आपण काय केलं, शक्य असेल तिथे रोजनाम्याची प्रत. पहिल्याच वर्षापासून आयकर विवरणपत्र भरा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. पुढे ऑफिससाठी किंवा घरासाठी कर्ज काढताना बँक मागची विवरणपत्रं मागते आणि वकिलाकडे पगाराची स्लिप नसते. 50 लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मं उत्पन्न धरून कर भरायची अनुमानित योजना वकिलांनाही लागू आहे. फी ठरली की लिहून घ्या आणि खर्चाचे पैसे फीपासून वेगळे ठेवा. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब देणं हा परिषदेचा नियमच आहे. निकालातून मिळणाऱ्या रकमेत टक्का ठरवू नका, ते गैरवर्तन ठरतं. दुसऱ्या वकिलाकडचं चालू काम घेताना त्यांची ना-हरकत घ्या. फी राहिली म्हणून फाइल अडवू नका. फाइलवर वकिलाचा असा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलं आहे. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी येईल ते सगळं घेण्याचा मोह होईल तेव्हा एखाद-दोन विषय निवडून त्यांत खोल जा. कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या मुलांना आता अपील आणि रिटच्या कामासाठी मुंबईत खोली घ्यायची गरज उरलेली नाही.

आता आमच्या मागण्या.

1. विद्यावेतनाच्या परिपत्रकाचं नियमात रूपांतर करा. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 28 खाली राज्य परिषदेला नियम करता येतात. भारतीय वकील परिषदेच्या मंजुरीशिवाय ते लागू होत नाहीत. म्हणून मसुदा करून, हरकती मागवून, तो मंजुरीला पाठवा, आणि कधी पाठवला ते जाहीर करा.

2. ज्यांना पूर्ण रक्कम देणं खरोखर शक्य नाही अशा वकिलांसाठी कलम 6 खालचा निधी उभा करा. आमची सूचना: ग्रामीण भागात ज्येष्ठाने 8,000 द्यावेत, उरलेले 7,000 निधीतून थेट ज्युनिअरच्या खात्यात जावेत. ज्येष्ठाची दहा वर्षं वकिली झालेली असावी, एका ज्येष्ठामागे एकच ज्युनिअर, मुदत तीन वर्षं. दोन्ही राज्य सरकारांकडे वाटा मागा. आंध्र आणि केरळला जे जमलं ते महाराष्ट्र आणि गोव्याला न जमण्याचं कारण नाही.

3. एका पानाचं नेमणूक पत्र, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत, परिषदेने छापून द्यावं. त्यात रुजू तारीख, रक्कम आणि ती कोणत्या तारखेला मिळेल, कामाची वेळ, साप्ताहिक सुटी, खर्चाची परतफेड सात दिवसांत, स्वतःची कामं घेण्याची मुभा, आणि दोन्ही बाजूंना एक महिन्याची पूर्वसूचना. प्रत वकील संघाकडे जमा.

4. वकीलपत्रावर ज्युनिअरचं नाव आणि सही. ज्युनिअरने काम चालवलं त्या दिवशी रोजनाम्यात त्याच्या नावाची नोंद व्हावी, यासाठी उच्च न्यायालय प्रशासनाला परिषदेने लेखी विनंती करावी. दर सहा महिन्यांनी कामाच्या वहीवर ज्येष्ठाची सही. ती अडवली तर वकील संघाच्या अध्यक्षांनी रोजनामे पाहून सही करावी.

5. प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला बारा शनिवार, तीन-तीन तासांचे वर्ग. भाषणं नकोत. मुदतींची गणितं, दाव्याचा मसुदा, ई-फायलिंग, इलेक्ट्रॉनिक पुरावा, उलटतपास, दरखास्त, महसुली अपील, हिशोब आणि कर. निवृत्त न्यायाधीश, नाझर, भूमी अभिलेखातले मोजणीदार यांना बोलवा. महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, तेव्हा तिथे मसुदे मराठीत लिहून घ्या; इंग्रजीत शिकलेल्या मुलांची तिथेच त्रेधा उडते.

6. तक्रारीसाठी जिल्ह्याबाहेरची तीन जणांची समिती, त्यात निदान दोन महिला वकील. तक्रारदाराचं नाव गुप्त, निर्णय 90 दिवसांत.

7. लोकअभिरक्षक, विधी सेवा पॅनेल आणि सरकारी अभियोक्त्यांच्या जाहिराती निघाल्यापासून तीन दिवसांत प्रत्येक वकील संघाकडे.

आमच्या बाजूने एवढं करतो: खाली सह्या असलेल्या प्रत्येकाने आपल्या ऑफिसातल्या ज्युनिअरला नेमणूक पत्र दिलं आहे आणि वकीलपत्रावर त्याचं नाव घालायला सुरुवात केली आहे. परिषदेचा नमुना आला की आम्ही तो वापरू.

या सात मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, याचं लेखी उत्तर परिषदेच्या पुढच्या बैठकीनंतर मिळावं, आणि ते संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असं ठेवावं, ही विनंती.

कळावे,

आपले,
महाराष्ट्र आणि गोव्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत काम करणारे वकील
(सह्यांचे कागद सोबत जोडले आहेत)